टॉरी पाइन्सचे पठार : सॅन डिएगोचा औषधसंशोधन-किनारा कसा वसला

कॅलिफोर्नियाच्या दक्षिण टोकाला, मेक्सिकोच्या सीमेपासून तासाभराच्याही आत, सॅन डिएगो शहराची ला होया नावाची समुद्रकाठची वस्ती आहे. तिच्या उत्तरेला कड्यावर टॉरी पाइन्सचे पठार पसरले आहे. पॅसिफिक महासागरापासून सुमारे शंभर मीटर उंचीवरच्या या माळावर आज विद्यापीठ, संशोधन संस्था, रुग्णालये आणि औषध कंपन्या दाटीवाटीने उभ्या आहेत. जगभरातले जीवशास्त्रज्ञ, रसायनशास्त्रज्ञ आणि प्रयोगशाळेत राबणारे तंत्रज्ञ नोकरीसाठी बिऱ्हाड हलवून येथे येतात. त्यांत भारतीयांची संख्याही मोठी आहे. याचे श्रेय बहुतेक वेळा हवेला दिले जाते. हवा उत्तम आहे, हे खरेच. पण तशीच हवा त्या किनाऱ्यावर शेकडो मैल मिळते आणि प्रयोगशाळा मात्र काही मोजक्या ठिकाणीच झाल्या. या पठाराचा इतिहास उलगडायचा तर आधी ते कोणाच्या मालकीचे होते हे पाहावे लागते.

मुळात ही भूमी कुमेयाय लोकांची. १७६९ मध्ये स्पॅनिश फ्रान्सिस्कन पाद्र्यांनी येथे मिशन उभारले आणि पुढे मेक्सिको स्वतंत्र झाल्यावर हा प्रदेश त्या देशाकडे गेला. १८३५ च्या सुमारास सॅन डिएगोला प्वेब्लोचा, म्हणजे स्वशासित गावाचा, दर्जा मिळाला. स्पॅनिश-मेक्सिकन प्रथेप्रमाणे अशा गावाला भोवतालची मोठी जमीन सामाईक म्हणून मिळत असे. आपल्याकडच्या गायरानाशी तिचे नाते जुळेल, फक्त आकार अवाढव्य. १८४५ मध्ये हेन्री फिच याने या जमिनीचा नकाशा तयार केला. तीनच वर्षांत कॅलिफोर्निया अमेरिकेकडे गेला आणि नव्या सरकारपुढे जुने हक्क सिद्ध करण्याचा खटाटोप सुरू झाला. अखेर १८७४ मध्ये सुमारे ४८ हजार एकरांचा मालकीचा कागद शहराच्या हाती आला.

पुढची काही दशके शहराने ही जमीन कवडीमोलाने विकली. सट्टेबाजांनी प्लॉट पाडले, रेल्वे येणार म्हणून भाव चढले आणि ती अपेक्षेप्रमाणे न आल्यावर कोसळले. तरीही उत्तरेकडचा माळ बराचसा शिल्लक राहिला, कारण तो लांब होता, कोरडा होता आणि कोणाला नको होता. १८९९ मध्ये त्यातला साडेतीनशेहून अधिक एकरांचा भाग टॉरी पाइन या दुर्मीळ झाडासाठी राखून ठेवण्यात आला. पुढे शहराच्या सनदेत अशी अट आली की सॅन डिएगो नदीच्या उत्तरेकडील प्वेब्लोची जमीन मतदारांच्या संमतीशिवाय विकता येणार नाही. नगरपालिकेचे हात बांधण्यासाठी घातलेली ही अट पुढे भलत्याच कामी आली. पठारावरच्या बहुतेक मोठ्या संस्था मतपेटीतून गेल्या.

पहिली संस्था मात्र लिलावातून आली. बर्कलीतले प्राणिशास्त्रज्ञ विल्यम रिटर सागरी जीवांच्या अभ्यासासाठी किनाऱ्यावर कायमची जागा शोधत होते. सॅन डिएगोतले डॉक्टर फ्रेड बेकर यांनी त्यांना येथे बोलावले आणि १९०३ मध्ये सागरी जीवशास्त्राची एक संस्था स्थापन झाली. वृत्तपत्रांच्या व्यवसायात संपत्ती कमावलेल्या एलन ब्राउनिंग स्क्रिप्स आणि त्यांचे भाऊ ई. डब्ल्यू. स्क्रिप्स यांनी तिला पैसा पुरवला. १९०७ मध्ये शहराने ला होयाच्या उत्तरेची १७० एकर जमीन लिलावात काढली आणि ती या संस्थेने एक हजार डॉलरला घेतली. १९१२ मध्ये संस्था कॅलिफोर्निया विद्यापीठात विलीन झाली आणि १९२५ पासून स्क्रिप्स इन्स्टिट्यूशन ऑफ ओशनोग्राफी या नावाने ओळखली जाऊ लागली. एलन स्क्रिप्स यांच्याच देणगीतून १९२४ मध्ये ला होयात स्क्रिप्स मेटाबॉलिक क्लिनिक सुरू झाले. या पठारावरच्या वैद्यकीय संशोधनाची एक शाखा त्यातूनच फुटली.

शहराला मात्र तोवर आपण नेमके काय व्हावे हे ठरवता आले नव्हते. १९१७ च्या महापौरपदाच्या निवडणुकीत हा वाद उघडच झाला. लुई वाइल्ड यांना कारखान्यांची धुराडी हवी होती, तर व्यापारी जॉर्ज मार्स्टन यांना उद्याने आणि आखीव नगररचना. विरोधकांनी मार्स्टन यांना ‘जिरेनियम’, म्हणजे बागेतले फुलझाड, म्हणून हिणवले. वाइल्ड जिंकले, पण धुराडी काही आली नाहीत. आले ते आरमार. बंदर, तळ, प्रशिक्षण केंद्रे यांनी शहर भरू लागले आणि पुढची अनेक दशके संरक्षण खात्याचा पैसा हेच सॅन डिएगोचे मुख्य पीक राहिले.

बाहेरून आख्खा उद्योग उचलून येथे आणण्याचा पहिला मोठा प्रयोगही त्याच काळातला. रूबेन फ्लीट यांनी १९३५ मध्ये आपला कन्सॉलिडेटेड हा विमान कारखाना न्यूयॉर्क राज्यातल्या बफेलोहून सॅन डिएगोला हलवला. बफेलोचा हिवाळा आणि गोठलेले पाणी समुद्री विमानांच्या चाचण्यांना मारक होते. सॅन डिएगोत बारा महिने बंदर मोकळे. शेकडो कामगार कुटुंबांसह आले. दुसऱ्या महायुद्धात या कारखान्यातल्या कामगारांची संख्या चाळीस हजारांवर गेली. राहायला घरे कुठे होती? लोक मोटारींत, तंबूंत, पाळीपाळीने भाड्याच्या खाटांवर झोपत. केंद्र सरकारने १९४१ मध्ये लिंडा व्हिस्टा भागात घाईघाईने सुमारे ३ हजार घरे बांधली. १९४० मध्ये शहराची लोकसंख्या २ लाखांच्या आसपास होती, १९६० मध्ये ती पावणेसहा लाखांच्या जवळ गेली. एवढ्या माणसांना पाणी स्थानिक ओढ्यानाल्यांतून मिळणे अशक्य होते. १९४७ मध्ये कोलोरॅडो नदीचे पाणी कालव्याने येथे पोचले. ते पोचले नसते तर पुढचा इतिहास लिहायची वेळच आली नसती.

युद्धकाळात टॉरी पाइन्सच्या पठारावर कॅम्प कॅलन हा लष्करी तळ होता आणि त्याच्या पूर्वेला मरीन सैनिकांचा नेमबाजीचा कॅम्प मॅथ्यूज. युद्ध संपल्यावर कॅम्प कॅलनची जागा शहराकडे परतली. आता शहराकडे समुद्रकाठची रिकामी सपाट जमीन होती, मतदारांची संमती घेण्याची रूढ पद्धत होती आणि विमानांच्या कंत्राटांवर विसंबून राहण्याची धास्तीही होती. १९५६ मध्ये मतदारांनी जनरल डायनॅमिक्स कंपनीच्या अणुसंशोधन शाखेला, जनरल अॅटॉमिकला, पठारावर सुमारे ३०० एकर जमीन देण्यास मान्यता दिली. १९५९ मध्ये तिच्या प्रयोगशाळेच्या उद्घाटनाला खुद्द अणुशास्त्रज्ञ नील्स बोर आले होते. धूर न सोडणारा, बागेसारखा दिसणारा कारखाना असू शकतो हे शहराला येथे दिसले. वाइल्ड आणि मार्स्टन यांचा जुना झगडा चाळीस वर्षांनी अशा रीतीने निकालात निघाला.

विद्यापीठाची कथा अधिक गुंतागुंतीची आहे. स्क्रिप्स इन्स्टिट्यूशनचे संचालक रॉजर रेव्हेल यांना ला होयात पूर्ण विद्यापीठ हवे होते आणि तेही वरून खाली बांधलेले : आधी नामांकित संशोधक, मग पदव्युत्तर विद्यार्थी, शेवटी पदवीपूर्व वर्ग. १९५८ मध्ये नोबेल विजेते रसायनशास्त्रज्ञ हॅरल्ड युरी शिकागोहून आले. १९६० मध्ये मारिया गेपर्ट मायर आल्या. शिकागोत वर्षानुवर्षे बिनपगारी काम केलेल्या या भौतिकशास्त्रज्ञ स्त्रीला येथे पूर्ण प्राध्यापकपद मिळाले आणि १९६३ मध्ये नोबेल. सॅन डिएगोतल्या एका वृत्तपत्राने ती बातमी देताना ‘सॅन डिएगोची आई’ असा त्यांचा उल्लेख केला होता. तेव्हाचे शहर विज्ञानाकडे कोणत्या नजरेने पाहत होते हे त्या एका मथळ्यात कळते.

पण रेव्हेल यांच्यापुढचा खरा पेच पगाराचा किंवा उपकरणांचा नव्हता, घरांचा होता. ला होयातल्या अनेक जमिनींच्या खरेदीखतांत विशिष्ट वंशाच्या लोकांना घर विकू नये अशा अटी होत्या. १९४८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा अटी न्यायालयांमार्फत अमलात आणता येणार नाहीत असा निर्णय दिला. तरी जमिनीचे दलाल ज्यू गिऱ्हाइकांना घरे दाखवायचीच टाळत. कागदावर काही नाही आणि व्यवहारात सगळे आहे, अशी ही तऱ्हा. ज्या प्राध्यापकांना बोलावायचे त्यांतले बरेच ज्यू होते. रेव्हेल यांनी दलालांना स्पष्ट बजावले की विद्यापीठ आणि ही बंदी या दोन्ही गोष्टी एकत्र नांदणार नाहीत. त्याआधीच, १९५१ मध्ये, स्क्रिप्सच्या शास्त्रज्ञांनी सहकारी तत्त्वावर जागा घेऊन स्वतःची वसाहत उभारली होती. तिच्या नियमांत धर्म-वंशाचा भेद नव्हता. नोकरीसाठी गाव बदलणाऱ्याला घर कोण देणार, हा प्रश्न येथे अगदी प्रारंभीच उपस्थित झाला होता. १९६० मध्ये विद्यापीठाची औपचारिक स्थापना झाली, पण पहिले कुलपती म्हणून रेव्हेल यांची नेमणूक झाली नाही. तो मान हर्बर्ट यॉर्क यांना मिळाला. ला होयातल्या प्रतिष्ठितांची नाराजी हे त्यामागचे एक कारण सांगितले जाते. १९६४ मध्ये पदवीपूर्व वर्ग भरले, त्याच वर्षी कॅम्प मॅथ्यूजची जमीन विद्यापीठाला मिळाली, आणि १९६८ मध्ये वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले.

दरम्यान पिट्सबर्गमधून जोनस साल्क नवी जागा शोधत होते. १९५५ मध्ये त्यांची पोलिओ लस सुरक्षित आणि परिणामकारक असल्याचे जाहीर झाले होते आणि त्यांना स्वतंत्र संशोधन संस्था काढायची होती. पिट्सबर्ग विद्यापीठाशी स्वायत्ततेच्या मुद्द्यावर जमेना. सॅन डिएगोचे महापौर चार्ल्स डेल यांना स्वतः पोलिओ झालेला होता. त्यांनी साल्क यांच्यासाठी पठारावरची जमीन पुढे केली. ती रेव्हेल यांना विद्यापीठासाठी हवी होती, त्यामुळे थोडी खणाखणी झाली. जून १९६० मध्ये मतदारांनी मोठ्या बहुमताने साल्क यांच्या बाजूने कौल दिला. बांधकामाचा मुख्य खर्च मार्च ऑफ डाइम्स या पोलिओनिवारणासाठी लोकवर्गणी गोळा करणाऱ्या संस्थेने उचलला. इमारत वास्तुकार लुई कान यांची. त्याच सुमारास ते अहमदाबादेत भारतीय व्यवस्थापन संस्थेची योजना आखत होते. साल्क इन्स्टिट्यूटमध्ये त्यांनी प्रयोगशाळेच्या प्रत्येक मजल्याच्या वर नळ, वायुवाहिन्या आणि तारांसाठी माणूस उभा राहील एवढा स्वतंत्र मजला ठेवला. त्यामुळे संशोधन बदलले की भिंती न फोडता प्रयोगशाळा बदलता येते. दोन इमारतींमधल्या मोकळ्या दगडी प्रांगणात आधी झाडे लावायचा विचार होता. मेक्सिकन वास्तुकार लुईस बारागान यांनी ते रिकामेच ठेवण्याचा सल्ला दिला आणि तो मानला गेला. मुख्य इमारत १९६५ मध्ये पूर्ण झाली. पुढे डीएनएच्या रचनेचे सहशोधक फ्रान्सिस क्रिक केंब्रिजहून येथे आले आणि आयुष्याच्या अखेरपर्यंत राहिले.

पिट्सबर्गनेच आणखी एक तुकडी पाठवली. १९६१ मध्ये रोगप्रतिकारशास्त्राचे अभ्यासक फ्रँक डिक्सन आपल्या चार सहकाऱ्यांसह तेथून स्क्रिप्स क्लिनिकमध्ये आले आणि एका स्थानिक रुग्णालयाचे रूपांतर मूलभूत संशोधनाच्या केंद्रात होऊ लागले. १९७६ मध्ये विल्यम आणि लिलियन फिशमन या दांपत्याने बॉस्टनमधल्या टफ्ट्स विद्यापीठातून येऊन ला होया कॅन्सर रिसर्च फाउंडेशन स्थापन केले. कल्पना आणि माणसे पूर्वेकडून येत होती, सॅन डिएगो त्यांना जमीन देत होते.

एवढे होऊनही १९७५ पर्यंत येथे औषधउद्योग नव्हता. शास्त्रज्ञ होते, शोधनिबंध होते, पण कारखाना नव्हता. तो ज्या शोधातून निघाला तोही परक्या देशातला. १९७५ मध्ये इंग्लंडमधल्या केंब्रिजमध्ये जॉर्जेस कोहलर आणि सेझार मिल्स्टीन यांनी अँटिबॉडी तयार करणारी पेशी आणि कर्करोगाची अमर पेशी यांचा संकर घडवला. एकच नेमकी, म्हणजे मोनोक्लोनल, अँटिबॉडी अमर्याद प्रमाणात देणारी पेशी त्यातून मिळाली. ही पद्धत त्यांनी पेटंट केली नाही. स्टॅनफर्डहून सॅन डिएगोच्या विद्यापीठात आलेले तरुण कर्करोगतज्ज्ञ आयव्हर रॉयस्टन आणि त्यांच्या प्रयोगशाळेतले तंत्रज्ञ हॉवर्ड बर्नडॉर्फ यांनी १९७८ मध्ये हायब्रिटेक ही कंपनी काढली. सॅन फ्रान्सिस्कोच्या क्लाइनर पर्किन्स या भांडवलदार संस्थेने सुरुवातीला ३ लाख डॉलर दिले. पहिली प्रयोगशाळा फिशमन दांपत्याच्या फाउंडेशनमध्ये भाड्याने घेतलेली होती.

हायब्रिटेकने प्रथम औषधाचा नाद केला नाही, हे तिचे शहाणपण. औषधाला वर्षानुवर्षांच्या चाचण्या लागतात. रक्तातला एखादा पदार्थ ओळखणारी तपासणी बाजारात लवकर येते. प्रोस्टेटच्या कर्करोगाच्या रुग्णांवर नजर ठेवण्यासाठी वापरली जाणारी पीएसए तपासणी हायब्रिटेकने मान्यतेपर्यंत नेली, ती १९८६ मध्ये. त्याच वर्षी इंडियानापोलिसच्या एली लिली कंपनीने हायब्रिटेक ३० कोटी डॉलरहून अधिक किमतीला विकत घेतली. पैसा आला, पण मोठ्या कंपनीची शिस्त आणि लहान कंपनीची मोकळीक जमली नाही. एकामागून एक अधिकारी बाहेर पडले. काहींनी तर आधीच बाहेरची वाट धरली होती. जेन-प्रोब, आयडेक, अॅमिलिन, लिगँड, जेन्सिया, बायोसाइट अशा कंपन्यांमागे हायब्रिटेकमधलीच माणसे होती. मूळ कंपनी पुढे विकली गेली आणि विरून गेली. तिचे खरे उत्पादन म्हणजे कंपन्या काढायला शिकलेली माणसे.

येथे स्थलांतराचे गणितच बदलले. एकच मालक असलेल्या गावात बिऱ्हाड हलवणे म्हणजे जुगार, कारण नोकरी गेली की गावही सोडावे लागते. एकाच रस्त्यावर वीस कंपन्या झाल्या की एक बुडाली तरी माणूस दुसऱ्या फाटकातून आत शिरतो, मुलांची शाळा बदलत नाही आणि नवरा-बायको दोघांनाही काम मिळू शकते. १९८५ मध्ये विद्यापीठाने मेरी वॉलशॉक यांच्या पुढाकाराने कनेक्ट हा उपक्रम सुरू केला. शास्त्रज्ञ, वकील, हिशेबनीस आणि भांडवलदार यांना एकत्र आणणे एवढेच त्याचे काम. त्याला निकडही होती. टुना मासे डबाबंद करणारे कारखाने १९८० च्या दशकात बंद पडले. शीतयुद्ध संपताच संरक्षणाची कंत्राटे आटली आणि फ्लीट यांच्या कारखान्याचा वारसा चालवणारा जनरल डायनॅमिक्सचा कन्व्हेअर विभाग १९९६ मध्ये गुंडाळला गेला. नोकरी गेलेला विमानाचा जोडारी मात्र अँटिबॉडीच्या प्रयोगशाळेत सहजी लागत नव्हता. जुन्या उद्योगाची जागा नव्याने घेतली असे म्हणताना हे बहुधा विसरले जाते.

नव्वदच्या दशकात उत्पादने दिसू लागली. अॅगुरॉन कंपनीचे एचआयव्हीवरचे व्हायरासेप्ट हे औषध १९९७ मध्ये मंजूर झाले. त्याच वर्षी आयडेकने जेनेन्टेकबरोबर विकसित केलेले रिटक्सन आले. अमेरिकेत कर्करोगावरच्या उपचारासाठी मान्यता मिळालेली ती पहिली मोनोक्लोनल अँटिबॉडी. कोहलर आणि मिल्स्टीन यांच्या प्रयोगापासून तोवर बावीस वर्षे गेली होती. १९९८ मध्ये स्थापन झालेल्या इल्युमिनाने पुढे जनुकक्रम वाचणारी यंत्रे जगभर पोचवली. त्यामागचे एक तंत्र टफ्ट्स विद्यापीठातले, तर दुसरे २००७ मध्ये विकत घेतलेल्या ब्रिटिश सोलेक्सा कंपनीचे. २००५ मध्ये अॅमिलिनचे बायेटा हे मधुमेहावरचे इंजेक्शन मंजूर झाले. त्यातले द्रव्य गिला मॉन्स्टर या विषारी सरड्याच्या लाळेवरून सुचलेले. आज वजन घटवण्यासाठी गाजत असलेल्या औषधांच्या गटातले मान्यता मिळालेले ते पहिले औषध होते.

पठारावर जागा संपत गेली तसा उद्योग खाली सोरेंटो व्हॅलीत आणि उत्तरेला कार्ल्सबाद, ओशनसाइडकडे सरकला. कार्ल्सबादमधली इनव्हिट्रोजेन ही १९८७ मध्ये निघालेली कंपनी अनेक विलीनीकरणांनंतर थर्मो फिशरमध्ये मिसळली. वैद्यकीय उपकरणांच्या उत्पादनाचा मोठा भाग सीमेपलीकडे तिहुआनात होतो, आणि तिकडून कामासाठी रोज हजारो लोक सीमा ओलांडतात.

जुन्या मालकीचा प्रश्नही पूर्ण विझलेला नव्हता. १९७६ मध्ये विद्यापीठाच्या कुलपतींच्या निवासस्थानाच्या आवारात सुमारे ९ हजार वर्षांपूर्वीचे मानवी अवशेष सापडले. कुमेयाय लोकांनी ते परत मागितले. काही शास्त्रज्ञांनी संशोधनासाठी ते राखावेत म्हणून खटला भरला. २०१६ मध्ये न्यायालयीन वाट संपल्यावर अवशेष कुमेयाय लोकांच्या स्वाधीन झाले.

नव्याने येणाऱ्याला आज अडवतो तो घराचा भाव. खरेदीखतातली अट गेली, १९६८ च्या केंद्रीय कायद्याने घर देताना वंश-धर्माचा भेद बेकायदा ठरला, पण पदवी घेऊन बाहेर पडलेल्या तरुण संशोधकाला पठाराच्या आसपास भाड्याने राहणेही जड जाते. अनेकजण पूर्वेकडच्या किंवा शेजारच्या रिव्हरसाइड जिल्ह्यातल्या गावांतून रोज तासन्‌तास गाडी हाकतात. २०२१ मध्ये ट्रॉली रेल्वे विद्यापीठापर्यंत आली, तेव्हा थोडी सोय झाली. कोविडच्या महासाथीच्या काळात प्रयोगशाळांच्या नव्या इमारतींचा पूर आला आणि पुढे भांडवल आटल्यावर त्यांतल्या कित्येक रिकाम्या राहिल्या. घरांचा तुटवडा मात्र तसाच. त्याचे एक कारण पुन्हा मतपेटीतच सापडते. १९७२ मध्ये याच शहराच्या मतदारांनी पाचव्या आंतरराज्य महामार्गाच्या पश्चिमेला किनारपट्टीवर ३० फुटांपेक्षा उंच इमारतींना बंदी घातली. मिडवे भाग त्यातून वगळण्यासाठी २०२० आणि २०२२ असे दोनदा मतदान घ्यावे लागले. ला होयात ही मर्यादा आजही आहे. विद्यापीठ राज्य सरकारचे असल्याने शहराचा हा नियम त्याला लागू होत नाही, म्हणून ४० हजारांहून अधिक विद्यार्थ्यांच्या त्या आवारात मात्र वसतिगृहांचे बहुमजली मनोरे उभे राहत आहेत.